मागे राहिलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. मला ना चित्र, ना बटण. काळ्या पडद्यावर ‘ताजा’ असं टाइप करून एंटर दाबलं, की मी कामाला लागतो.

जालन्यात मस्तगडला अजमतभाईंचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. मला त्यांनीच लिहिलं. कामाच्या फोल्डरमधली फाइल छपाईच्या फोल्डरमधल्या फाइलपेक्षा नवी असेल, तर ती तिथे नेऊन ठेवायची, एवढंच माझं काम. नवं-जुनं मी फक्त तारखेवरून ओळखतो. आणि त्या कॉम्प्युटरच्या घड्याळाचा सेलच संपलेला! रोज सकाळी तारीख वीस वर्षं मागे जायची. सेल उद्या आणू, उद्या आणू म्हणता म्हणता वर्षं सरली. अजमतभाईंची बायको, मैमूनाभाभी, भिंतीवरचं कॅलेंडर बघून तारीख घालायची आणि मगच मला हाक मारायची. “माझा ताजा बिलकुल चुकत न्हाई,” असं ती आल्यागेल्याला सांगायची. फार सुखाचे दिवस होते ते.

एकदा भाभी अंबडला माहेरी गेली. नेमके त्याच दिवशी पुंजाराम हे गिऱ्हाईक आले. त्यांच्या लेकीची, दीपमालाची पत्रिका आदल्या दिवशीच तयार होऊन छपाईच्या फोल्डरमध्ये गेली होती.

“अजमतभाई, पोरीच्या मायचं नाव न्हाई ह्यात. ती गेली, मंग नाव बी जावं का?”

अजमतभाईंनी लगेच ‘कालकथित बेबीनंदा’ हे नाव घातलं. तारीख घालायला मात्र विसरले आणि तशीच मला हाक मारली. मला ती फाइल वीस वर्षांपूर्वीची वाटली. मी तिला हातही लावला नाही. तीनशे पत्रिका आईच्या नावाशिवाय छापल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात गठ्ठा सोडला आणि दीपमाला एकेक पत्रिका उलटून आईचं नाव शोधू लागली.

“पुसूनच टाकतो हा प्रोग्रॅम,” अजमतभाई चिडले.

भाभी नुकतीच एसटीतून उतरून आली होती. तिने पडद्यावरची तारीख बघितली.

“त्याला कशाला बोलता? आज कोणता दिवस हाय, ते तुमी त्याला सांगितलंच न्हाई.”

तिने तारीख घातली, फाइल पुन्हा सेव्ह केली आणि मला हाक मारली. मी ते नाव छपाईला पोचवलं. पहिली पत्रिका निघाली, तसं दीपमालाने आईच्या नावावरून बोट फिरवलं. शाई ओली होती, नाव जरा फिसकटलं. तीच पत्रिका तिने स्वतःसाठी ठेवून घेतली.

आता दुकानात नवा कॉम्प्युटर आहे. त्याला तारीख आपोआप कळते. मला कुणी हाक मारत नाही. भाभी मात्र सकाळी दुकान उघडलं की अजून कॅलेंडरकडे बघते.

मित्रांनो, मी नुसती तारीख बघितली आणि एका आईला जुनी समजून मागे ठेवलं. तुम्ही तसं करू नका.