तीन हजारांतली मी

आमच्या कणभौतिकीच्या प्रयोगाचा कुठलाही शोधनिबंध निघाला की त्यावर तीन हजार जणांची नावं छापतात, आडनावाच्या अक्षरक्रमाने. राबणारे, अधूनमधून उगवणारे, नुसत्या बैठकांत जांभया देणारे, सगळे एकाच रांगेत. नणंदेने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "वहिनी, ही काय मतदारयादी आहे?"

मी हसले होते. आता हसू येत नाही.

एका कणाचं आयुष्य मोजणारा तो निबंध आम्ही दोघांनी उभा केला. मी आणि माझा एक सहकारी, त्याला सगळे दाढीवाला म्हणायचे. बिनखिडकीच्या खोलीत, पंख्यांच्या घरघरीत, आकडे जुळेनात म्हणून एकमेकांवर खेकसत. प्रयोगाच्या अंतर्गत अहवालावर आमची दोनच नावं आहेत. पण तो अहवाल बाहेरच्या माणसाला दाखवायचा नाही, दाखवला तर प्रयोगातून हकालपट्टी. दाढीवाला वैतागून बँकेत नोकरीला गेला. मी चिकटून राहिले, गाढवासारखी.

माझा करार संपत आला होता. नवरा आणि लेक दुसऱ्या शहरात. तिथल्याच विद्यापीठात कायमची जागा निघाली. ती मिळाली तर लेकीला फोनवर 'झोप आता' म्हणायची वेळ संपणार होती.

मुलाखत घेणाऱ्या समितीच्या अध्यक्षा जीवशास्त्राच्या. चष्मा सरकवत म्हणाल्या, "आमच्याकडे पहिलं नाव काम करणाऱ्याचं, शेवटचं साहेबांचं. तुमचं तर मधेच कुठेतरी आहे."

"आमच्याकडे अक्षरक्रम असतो, मॅडम. हे काम मी केलंय."

"अहो, तुमच्या आधीचे उमेदवारही हाच निबंध घेऊन आले होते."

तो उमेदवार आमच्याच प्रयोगातला, वीजपुरवठ्यावर लक्ष ठेवायच्या पाळ्या करायचा. पाळ्या भरल्या की नाव लागतं, नियमच आहे. त्याचा काही दोष नाही. तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्ही काय केलंत, याचा काही पुरावा?"

पुरावा, तो दोन नावांचा अहवाल, माझ्या बॅगेतल्या लॅपटॉपमध्ये होता. मी बॅगेवर हात दाबून धरला. मग म्हणाले, "आमच्या प्रमुखांना विचारा. त्यांना सगळं ठाऊक आहे."

अध्यक्षांनी तिथूनच फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. सरांनी भरभरून कौतुक केलं. गुणी, कष्टाळू, शिस्तीची. माझा जीव भांड्यात पडला.

"पण हे मोजमाप यांनीच केलं ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"असं कुणा एकाचं नाव घेणं आमच्या तत्त्वात बसत नाही. ते सगळ्यांनी केलंय."

"आधीच्या उमेदवारांनीही?"

"अर्थात. तेही त्यात आहेतच."

अध्यक्षांनी फोन ठेवला आणि माझी फाइल मिटली. "कळवू आम्ही," म्हणाल्या. कळवण्यासारखं काय उरलं होतं?

जिन्यात उभी राहून मी रडले. दुःखाने नाही, संतापाने. तेवढ्यात सरांचा फोन आला. आवाज प्रसन्न.

"छान बोललो ना मी? बरं, पुढच्या निबंधाची वेळ झालीये. पहिला मसुदा तूच लिही बाई, तुझ्याशिवाय कुणाला जमणार आहे?"

"सगळ्यांना सांगा ना, सर," मी म्हणाले. "तीन हजार जण आहेत."