डावी कड

“तीन लेन्स आणि तीन दिवस,” कार्यालयप्रमुख मॅडम दारातूनच म्हणाल्या. “लग्न जमवायलासुद्धा लोक एवढा वेळ लावत नाहीत, काका.”

“लग्नात एकमेकांचे दोष खपवून घेता येतात, मॅडम. हा कॅमेरा काही खपवून घेत नाही.”

काकांनी लेन्स तपासायला भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा सुटत आलेला कोपरा अंगठ्याने दाबला. दस्तऐवज जतन कार्यालयात जुन्या नोंदवह्यांचे फोटो काढून ठेवायचं काम ते सव्वीस वर्षं करत होते, म्हणून सगळे त्यांना नकलाकाका म्हणत. नक्कल मात्र त्यांना कोणाचीच करता येत नसे.

नवा कॅमेरा फुल फ्रेम, साठ मेगापिक्सेलचा. जुना होता बाराचा. त्याला कुठलीही लेन्स चालायची, कारण त्याला दिसायचंच कमी. नव्याला कागदातला धागा न धागा दिसत होता आणि लेन्समध्ये जरा खोट असली की तीही दिसत होती. दुकानदाराने तीन लेन्स आठवडाभर वापरून बघायला दिल्या होत्या. पहिली जाडजूड, महागडी, अंधारात काजवा टिपणारी. पण इथे कागदावर दोन दिवे कायम जळत असतात, काजव्यांचं काय करायचं? दुसरी झूम, सगळं करते म्हणतात तशी, म्हणजे कशातच धड नाही. तिसरी मॅक्रो, जवळचं बारीक टिपणारी, दिसायला अगदीच गरीब. पण तिने कोपऱ्यांतल्या छोट्या जाहिरातीसुद्धा मधल्या मथळ्याइतक्या स्वच्छ आणल्या होत्या. काकांनी मनातल्या मनात तिच्यावर शिक्का मारला होता.

तिथेच थांबले असते तर त्यांच्यापुरतं बरं झालं असतं. पण खरेदीच्या तक्त्यात ‘जुन्या लेन्सशी तुलना’ असा एक रकाना होता आणि रकाना रिकामा सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मॅडम गेल्यावर त्यांनी जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला लावली, फोटो काढला, संगणकावर मोठा केला. मधला भाग छान. उजवी कड ठीक. डाव्या कडेची अक्षरं मात्र पाण्यात भिजल्यासारखी फुगलेली.

कॅमेरा तिरका लागला असेल, असं आधी वाटलं. मग त्यांनी तो डोकं खाली करून उलटा बसवला आणि पुन्हा फोटो काढला. आता वर्तमानपत्राची डावी बाजू स्वच्छ आली आणि उजवी फुगली. म्हणजे भिंतीचा दोष नव्हता, लेन्सचाच होता.

काका स्टुलावर बसले. हे कधी झालं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी पुसता पुसता ती लेन्स त्यांच्या हातून फरशीवर पडली होती. काच शाबूत होती. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी फुंकर मारली, लेन्स कॅमेऱ्याला लावली, मागच्या पडद्यावर मधला भाग मोठा करून पाहिला. अक्षर स्वच्छ दिसलं आणि जीव भांड्यात पडला. पुढे प्रत्येक पानाला त्यांनी तेच केलं. बटण दाबायचं, मधला भाग बघायचा, पान उलटायचं. नऊ वर्षांत एकदाही कडेला जाऊन पाहिलं नाही. आता ते जुने फोटो उघडले, तर त्यांचीही डावी कड तशीच फुगलेली.

आणि नियम असा, की वाळवी लागलेल्या वहीची नक्कल झाली, तिच्यावर ‘स्वच्छ व वाचनीय’ अशी सही झाली, की मूळ वही नष्ट करायला, कागदाच्या लगद्याला जाते. सही नकलाकाकांची.

“जुनी झाली म्हणून बदलली, असं लिहा,” सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं होतं. “खोटं आहे का ते?”

“पडली होती, मॅडम. माझ्या हातून.”

“नऊ वर्षांपूर्वीचं मढं आता कशाला उकरताय? चार महिन्यांनी रिटायर होताय. चौकशी लागली तर तुमचा निरोप समारंभ राहील बाजूला आणि मीही अडकेन. त्या वह्या परत येणार आहेत का?”

“नाही.”

“मग?”

मॅडम काही वाईट नव्हत्या, व्यवहाराचं बोलत होत्या. पण एक बाई काकांच्या डोळ्यांसमोरून हलेना. शिवणकाम करणारी, बालगृहात वाढलेली. गेल्या वर्षी ती तीनदा आली होती. बालगृहाच्या नोंदवहीत अगदी डावीकडचा रकाना होता, ‘मूल कोणी आणले’. तिच्या ओळीत तिथे नुसता काळा डाग होता. काकांनी तिला तिन्ही वेळा समजावलं होतं, “शाई पसरली असेल, ताई. त्या काळच्या नर्सा घाईत लिहायच्या.” कधीच मरून गेलेल्या नर्सला बोल लावताना त्यांची जीभ जराही अडखळली नव्हती. आता त्याची लाज वाटली.

त्यांनी तक्ता भरला. शिफारस, मॅक्रो. कारणाच्या रकान्यात लेन्स पडल्याचं वर्ष लिहिलं आणि त्यानंतर लगद्याला गेलेल्या वह्यांची यादी जोडली. मॅडमनी कागद दोनदा वाचला. ड्रॉवर उघडला, थोडा वेळ उघडाच ठेवला. मग तो लावून घेतला आणि कागद जावकच्या ट्रेमध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका दोन छापील पानं घेऊन त्या बाईच्या दुकानात गेले. एका मशीनचं दुकान, भिंतीला टेकवलेला आरसा, खुर्चीवर उसवलेले कपडे.

“या दोन्ही वह्या एकाच नर्सच्या हातच्या,” काकांनी पानं तिच्यासमोर ठेवली. “या वहीचा फोटो माझ्या हातून लेन्स पडण्याआधी काढलेला, तुमच्या वहीचा नंतर. शाई पसरली नव्हती, ताई. दोष माझा होता.”

ती जागची उठली नाही. “तीनदा आले मी. तीनदा तुम्ही शाई म्हणालात.”

“मला तसंच वाटलं होतं.”

“आणि ती वही?”

“लगद्याला गेली. माझ्या सहीने.”

तिने मशीन चालू केलं, हातातली शिवण पुरी केली, दोरा दाताने तोडला. ती आता निघा म्हणेल, असं काकांना वाटलं. तिने तसं म्हटलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं.

“या स्वच्छ पानावर सगळ्या नावांसमोर काय लिहिलंय हे?”

“अज्ञात. बाळ कोणी आणलं ते माहीत नसलं की ती तेवढंच लिहायची.”

तिने गळ्यातली टेप काढून त्या ‘अज्ञात’वर ठेवली. मग दुसऱ्या पानावर, आपल्या नावाच्या वरच्या ओळीतल्या डागावर. मग खालच्या. मग आपल्या. तिथे टेप दोनदा सरळ केली.

“बाकी सगळे अर्धा इंच आहेत,” ती म्हणाली. “माझा दीड आहे.”

काका वाकले. डागाच्या मधोमध एक बारीक फट होती, दोन शब्दांमध्ये असते तेवढी.

“नाव सांगून गेलं कोणीतरी,” ती म्हणाली. “मी आयुष्यभर समजत होते, पायरीवर ठेवून पळाले.”

“काय नाव ते मला सांगता येत नाही, ताई.” काका सरळ झाले. “ते मी घालवलं.”

“हो,” ती म्हणाली. “तुम्हीच घालवलंत.”

मग तिने गिऱ्हाइकांच्या मापांची वही पुढे ओढली. प्रत्येक पानावर वर नाव, खाली मापं. तिने नवं पान काढलं आणि खाली लिहिलं, दीड इंच. वरची नावाची जागा कोरी ठेवली.