कॉफीच्या डब्यात गोठवलेलं भविष्य

हातोडीचा तिसरा घाव पडला आणि बर्फाची लादी मधोमध दुभंगली. बोलिंगच्या बारमधल्या मागच्या खोलीत पन्नासेक माणसं दाटीवाटीनं उभी होती. काही जण तर खुर्च्यांवर चढले होते. बर्फातून कॉफीचा लाल डबा निघाला. ड्वेन स्टोल्ट्झनं झाकण उघडून आत हात घातला, घडी घातलेला कागद बाहेर काढला आणि घसा खाकरून वाचायला सुरुवात केली. मागच्या वर्षीची ही गोष्ट.

आमच्या लीगमध्ये आम्ही बारा जण. प्रत्येकाचा एकेक अमेरिकन फुटबॉलचा संघ, पण नुसता कागदावर. खरे खेळाडू दर रविवारी कुठंतरी धावतात, आपटतात, हाडं मोडून घेतात आणि त्यांचे गुण आम्ही इथं बिअर पीत मोजतो. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी कॉलेजातून नव्यानं आलेल्या खेळाडूंची वाटणी होते. तिला आम्ही ड्राफ्ट म्हणतो. पाळी आली की उठायचं, हवं ते नाव मोठ्यानं सांगायचं आणि स्वतःच्या हातानं फळ्यावर लिहायचं. एकानं घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. त्यामुळे कोण कुणाला घेणार, हे ज्याला आधी कळेल त्याची चांदी.

आणि ड्वेनला ते आधी कळलं होतं! आठवडाभर आधी त्यानं सगळ्यांसमोर घडी घातलेला कागद डब्यात टाकला, तरंगू नये म्हणून आत गळाचं शिसं टाकलं, डबा पाण्याच्या बादलीत बुडवला आणि बादली बारच्या फ्रीझरमध्ये ठेवली. फसवाफसवी नको म्हणून आम्ही बाराही जणांनी बादलीवर मार्करनं सह्या केल्या. बादलीला झाकण नव्हतं हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. विस्कॉन्सिनच्या उत्तर टोकाची आम्ही माणसं, आमचा बर्फावर फार विश्वास.

बारापैकी बारा नावं बरोबर निघाली. आमच्या रोली फँकहाउझरनं आपली पहिली संधी एका किकरवर उधळली होती. का, तर म्हणे त्याच्या बायकोची मावशी त्या पोराच्या गावची. किकर म्हणजे नुसता चेंडूला लाथ मारायला मैदानात येणारा गडी; त्याला पहिल्या फेरीत कुत्रंही हुंगत नाही. पण ड्वेनच्या कागदावर तेही लिहिलेलं: रोली, किकर. रोलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या मूर्खपणाची नोंद वर कुठंतरी आधीच होऊन गेलेली आहे, हे ऐकून माणसाला केवढा धीर येतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

आता हा ड्वेन कोण, ते सांगतो. गावात त्याचं गळ आणि जिवंत आमिषं विकायचं दुकान. दोन हिवाळ्यांपूर्वी तळ्यावर मासे धरताना बर्फ खचला आणि तो पाण्यात गेला. त्याला बाहेर ओढणारा मीच. पाणी कमरेएवढं होतं आणि तो तोंडानं सारखा शिव्या देत होता. पण त्याच्या सांगण्यात ईस्टरपर्यंत तो तीन मिनिटं पाण्याखाली होता आणि जुलै येईतो अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत म्हणे त्याला एक उजेड दिसला, त्या उजेडात एक प्रशिक्षक उभा होता आणि प्रशिक्षकाच्या हातात सगळ्या जगाच्या चाली लिहिलेली पाटी होती. तेव्हापासून ड्वेन उजव्या हातात बर्फावरचा जाड चामडी हातमोजा घालायचा, तोही भर ऑगस्टमध्ये. "ज्या हातानं पलीकडचं दार धरलं तो हात परत गरम होत नाही," असं तो सांगायचा आणि ऐकणारे माना डोलवायचे. त्याच हातानं तो गरमागरम चीज उचलून खातो हे मी दोनदा बोलून दाखवलं. तेव्हा लोक मला म्हणाले, "वेंडेल, तू स्कूलबस चालव."

त्या ड्राफ्टनंतर दुकानात रांग लागू लागली. बोट कधी पाण्यात घालू, पोरीला हा मुलगा बरा की तो, छप्पर यंदा करू की पुढच्या साली. ड्वेन बारक्या माशांच्या टाकीत तो हातमोजा बुडवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हालचाल दिसतेय." टाकीत दोनशे मासे असल्यावर हालचाल दिसणारच. तरी लोक खूश होऊन परत जायचे. मी हसून सोडून द्यायचो. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते यंदाच्या ऑगस्टमध्ये. माझ्या बहिणीचा, जॅनिसचा नवरा लायल. आडदांड, मनानं लोण्यासारखा, लीगमध्ये कायम तळाला. जिना चढताना त्याच्या छातीत कळ यायला लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात, ऑपरेशन लांबवू नका. तारीखही ठरली: ड्राफ्टनंतरचा सोमवार. लायल दवाखान्यातून निघाला तो घरी न जाता थेट आमिषांच्या दुकानात गेला. ड्वेननं टाकीत हात बुडवला आणि म्हणाला, "सोमवारी मला चाकू दिसत नाही."

झालं! लायलनं घरात जाहीर केलं की यंदाच्या गोठवलेल्या डब्यातूनही बारापैकी बारा नावं बरोबर आली तर तो शनिवारीच फोन करून ऑपरेशन रद्द करणार. जॅनिस माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. मी लायलला समजावलं, मग ओरडलो, मग चक्क हात जोडले. तो शांतपणे एवढंच म्हणाला, "रोलीचा किकर त्याला कसा कळला, ते सांग. मग बोलू." मी स्वतः तिथं होतो, डोळे उघडे होते आणि तरी मला सांगता येत नव्हतं. त्या रात्री मला स्वतःचीच लाज वाटली.

बुधवारी मी कुबियाक बाईंकडे गेलो. बाईंनी आमच्या सगळ्या पिढीला शाळेत पाकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्या बारचं स्वयंपाकघर सांभाळतात आणि दर शुक्रवारी गावाला मासे तळून घालतात. साठीला आलेले, ढेरी सुटलेले बाप्येसुद्धा त्यांच्यासमोर टोपी काढतात. मी सगळं सांगितलं. त्या पिठात मासे घोळवत होत्या. हात न थांबवता त्यांनी दोनच प्रश्न विचारले: डबा कोण उघडतो, आणि बारा नावं लिहून झाल्यावर ड्वेन लगेच उघडतो की मध्ये कुठं जातो?

"तोच उघडतो. आणि आधी जरा बाथरूमला जातो," मी म्हणालो. "प्रार्थना करायला."

"बाथरूममध्ये," बाई म्हणाल्या आणि पुढचा मासा उचलला. मग मला घरी जायला सांगितलं.

शनिवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या दोन गावांतूनही माणसं आली होती. लायल अगदी पुढे, शर्टाच्या खिशात फोन. जॅनिस भिंतीला टेकून उभी. एकेकानं उठून नाव घेतलं, फळ्यावर लिहिलं. रोलीनं यंदा शहाणपणा करायचा ठरवून गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, वर्षभर मैदानात न उतरणारा पोरगा घेतला. बारावं नाव लिहून झालं तशी ड्वेननं टाळूवर हातमोजा ठेवला, "आता मला एकटं सोडा" म्हणाला आणि बाथरूममध्ये गेला. पाच मिनिटांनी बाहेर आला तो चेहऱ्यावर तेज घेऊनच.

बादली आली. सह्या तपासल्या गेल्या. लादी फुटली. ड्वेननं लाल डबा उचलून चारी दिशांना दाखवला, झाकण काढलं आणि हातमोजा आत घातला. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होतो, म्हणून सांगतो: त्याच्या भुवया झटकन वर गेल्या. आत काहीतरी त्याला नको ते लागलं होतं. पण गडी पक्का! कागद काढला, झाकण घट्ट लावलं आणि डबा काखेत मारला.

एक बरोबर. दोन बरोबर. रोली आणि त्याचा गुडघेवाला बरोबर. बारावं नाव आलं तेव्हा खोली नुसती दणाणली. लायलनं माझ्याकडे पाहिलं, 'आता बोल' असं त्याच्या नजरेत स्पष्ट होतं, आणि खिशातून फोन काढला. जॅनिसनं तोंड फिरवलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. कुबियाक बाई एप्रनला हात पुसत आल्या. निम्म्या खोलीनं टोप्या काढल्या.

"ड्वेन, डब्यात अजून एक वस्तू आहे," बाई म्हणाल्या. "तीही दाखव."

"डबा रिकामा आहे, बाई."

"मग उलटा कर."

ड्वेन हलेना. बाईंनी त्याच्या काखेतला डबा काढून घेतला, झाकण उघडलं आणि टेबलावर पालथा केला. शिशाच्या गोळ्या खळखळल्या आणि त्यांच्यामागून वीतभर लांबीचा, दगडासारखा गोठलेला एक मासा धप्पकन पडला.

बाईंनी शांतपणे सांगितलं. गुरुवारी माशांची मोठी खेप आली, फ्रीझरमध्ये जागा नव्हती. त्यांनी बादलीतला बर्फ वितळू दिला, पाद्रीबाबांना साक्षीला बसवलं आणि डबा उघडला. आत एक कागद होता. तो काढून त्यांनी मासा ठेवला आणि बादली पाणी भरून परत गोठवली. सह्या बादलीवर होत्या, त्या जशाच्या तशा राहिल्या. पाद्रीबाबांनी मागून मान हलवली. मग बाईंनी एप्रनच्या खिशातून तो मूळ कागद काढला. ती ड्वेनच्याच दुकानाची जाहिरात होती: दोन डझन गांडुळं घ्या, अर्धा डझन मोफत.

"म्हणजे आत्ता वाचला तो कागद डब्यात नव्हताच," बाई म्हणाल्या. "तो कुठून आला? हातमोजा काढ, ड्वेन."

"बाई, हा हात गार आहे."

"काढ म्हटलं ना."

शाळेतला आवाज तो. हातमोजा निघाला. आतून बोलिंगचे गुण लिहायची बोटभर पेन्सिल आणि छोटी वही खाली पडली.

रोलीनं एवढ्यानं हार मानली नाही. तो काकुळतीला येऊन म्हणाला, "पण बाई, मागच्या वर्षीचा माझा किकर? तो तर कुणालाच सुचला नसता."

"रोली, तो तू फळ्यावर लिहिला होतास. ड्वेनला वाचता येतं. मीच पास केलंय त्याला."

आधी एक जण हसला, मग सगळी खोली. ड्वेनसुद्धा कसनुसा हसला. पण लायल हसत नव्हता. फोन तसाच हातात धरून तो ड्वेनपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आणि सोमवारचा चाकू? तो दिसत नाही म्हणालास ते?"

ड्वेननं बाईंकडे पाहिलं. बाईंनी पापणी हलवली नाही. मग त्यानं मान खाली घातली.

"मला काय दिसणार, लायल? तू आलास तेव्हा तुझे हात थरथरत होते. तुला 'नको' ऐकायचं होतं, मी 'नको' म्हणालो. सगळ्यांना तेच तर सांगतो मी."

लायल मटकन खुर्चीत बसला. एवढा मोठा माणूस, पण पोरासारखा रडला. मला भीती वाटतेय, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. महिनाभरात पहिल्यांदाच तो खरं बोलला होता. जॅनिस जाऊन त्याच्या शेजारी बसली. तिनं त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

सोमवारी पहाटे मी त्यांना ग्रीन बेच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. ऑपरेशन पाच तास चाललं. सर्जननं नंतर सांगितलं की हे आणखी लांबवलं असतं तर लायल नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगची टर्की खायला उरला नसता.

माणसांची गंमत बघा. पुढच्याच शुक्रवारी चार जण मासे खायला आले आणि बाईंना हळूच विचारू लागले, बोट पाण्यातून कधी काढू? बाईंनी कढईतला झारा उगारला आणि म्हणाल्या, "तळ्यावर जा आणि बघा." मला तर यापेक्षा मोठं तत्त्वज्ञान ठाऊक नाही. कुणी म्हणालं मला दिसतं, तर आपण जाऊन बघावं, उलटं करून बघावं, दुसऱ्याच्या हातानं उघडून बघावं. खरं असेल ते बघितल्यानं मोडत नाही. आणि जिवाची भीती वाटत असेल तर ती बायकोला सांगावी, डॉक्टरला सांगावी. त्यात कसली लाज? ज्याला आपल्या मनातलंच नेमकं दिसतं, त्याच्याकडे भीती घेऊन जाऊ नये. तो ती गोंजारतो आणि आपल्याला मरायला घरी पाठवतो.

लायल आता रोज दोन मैल चालतो. लीगमध्ये यंदाही तोच तळाला आहे आणि त्याबद्दल दर रविवारी तो माझं डोकं खातो. मी खाऊ देतो.