अव्वाच्या हाका

चनबसाप्पाची शाहूपुरीत पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या मागंच दोन खोल्यांत संसार. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्याची बायको दानम्मा हाकेला ओ देईनाशी झाली. चारदा हाक मारावी, तेव्हा कुठं मान वर करायची. पण तीच दानम्मा गिरणीत दळण घ्यायला उभी राहिली, की पट्ट्याच्या घरघरीतही तिला गिऱ्हाइकाचं बोलणं नीट कळायचं.

"काम सांगितलं की बहिरी हुती, आन् गिरणीत बरं ऐकू येतंय हिला," चनबसाप्पाची आई म्हणायची. तिला सगळे अव्वा म्हणत. त्यात दानम्मा बोलायची अगदी हळू. बहिरं माणूस मोठ्यानं बोलतं, असं सगळ्यांना वाटायचं. मग हे सोंगच, अशी घरात खात्री झाली.

एकाहत्तर सालच्या थंडीत अव्वा न्हाणीत पाय घसरून पडली. दानम्मा पलीकडच्याच खोलीत पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. चनबसाप्पा गिरणीच्या आवाजात होता. तो जेवायला आला तेव्हा अव्वा ओल्या फरशीवर गारठून पडलेली दिसली. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या अंथरुणातून ती उठलीच नाही. जाण्याआधी लेकाला म्हणाली, "हाका मारून घसा बसला माझा. ती आली न्हाय."

चनबसाप्पानं बायकोला काही विचारलं नाही. तिच्याशी बोलायचंच सोडलं. ताट पुढं आलं की जेवायचा आणि उठून जायचा. तशातच तिसरं मूल झालं, आणि मग दानम्माला पाळण्यातल्या पोराचं रडणंही ऐकू येईना. एकदा चनबसाप्पाची थोरली बहीण आक्का आली होती. पोर रडून रडून निळं पडलं होतं. आक्का भावाला म्हणाली, "पोटच्या पोराशी बी सोंग करती व्हय रं ही? कानाच्या डॉक्टरकडं ने, एकदा खरंखोटं हू दे."

सोंग उघडं पडावं म्हणूनच त्यानं तिला नेलं.

डॉक्टरांनी दोन दातांचा एक लोखंडी काटा गुडघ्यावर आपटला आणि तिच्या कानासमोर धरला. तिनं मान हलवली; काही नाही. मग त्याच काट्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली. दानम्मा दचकली. "वाजतंय," ती म्हणाली.

"पडद्यामागं तीन बारकी हाडं असतात," डॉक्टर चनबसाप्पाला सांगू लागले. "आवाजानं पडदा थरथरतो, ती थरथर एका हाडातून दुसऱ्यात जाते. शेवटचं हाड घोड्याच्या रिकिबीसारखं, तांदळाच्या दाण्याएवढं. ते आतल्या पाण्याला धक्का देतं, तेव्हा ऐकू येतं. यांचं ते हाड आवळून बसलंय. बाळंतपणात हा रोग वाढतो."

"मग गिरणीत कसं ऐकती?"

"तिथं माणसं ओरडून बोलतात. आणि गिरणीची घरघर तुमच्या कानात शिरते, तशी यांच्या कानात शिरत नाही. स्वतःचा आवाज मात्र यांना हाडातून मोठा ऐकू येतो, म्हणून हळू बोलतात."

त्यानंतरच्या बोलण्याकडं चनबसाप्पाचं फारसं लक्ष लागलं नाही; अव्वाचं शेवटचं बोलणं आठवत राहिलं. घरी आल्यावर त्यानं आक्काला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरचं काय जातंय? अव्वा तर गेली की." त्या दिवसापासून त्यानं आक्काकडं जाणं कमी केलं.

ऑपरेशनचं डॉक्टरांनीच सुचवलं होतं. कान पुरता जाऊही शकतो, हेही सांगितलं होतं. दानम्मानं हो म्हटलं. उजवा कान केला आणि तो गेलाच. कितीतरी दिवस तिला खोली गरागरा फिरताना दिसायची. मान उचलली की उलटी. चनबसाप्पा उशाशी बसून तिला पेज भरवायचा. डाव्या कानाला हात लावू द्यायला ती तयार झाली नाही.

त्याला तिच्याशी बोलायचं होतं. पण घरात काहीही बोलायचं तर ओरडायला लागायचं, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. एका दुपारी पोरं शाळेत गेल्यावर तो तिच्या डाव्या बाजूला बसला, कानाशी तोंड नेलं.

"अव्वाच्या हाका तुला ऐकूच आल्या न्हाईत. मी उगंच तुला..."

दानम्मा भिंतीकडं बघत राहिली.

"तवाच इच्यारायचं हुतं की," ती हळू म्हणाली. "सांगितलं असतं मी."

मग धाकटं पोर उठून रडायला लागलं, तेव्हा तोच उठला आणि त्याला घेऊन आला.