पिवळ्या उजेडाची बॅटरी

मी एक पत्र्याची बॅटरी बोलतेय. शहरातले टॉर्च म्हणतात, जुनी माणसं चोरबत्ती म्हणतात, आमच्या नाचणगावात मात्र बॅटरीच. दोन सेलांची, वीतभर लांब. अंगावर हिरवे पट्टे होते, आता तिथं गंज आहे. माझं बोलणं जरा कडवट लागेल. लागू द्या. गोड बोलावं असं माझ्या हातून फारसं काही घडलेलं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, देव जाणे. आम्ही हजारोंनी निघत होतो, तिथं कोण कुणाचं कौतुक करणार? मला कळायला लागलं ते पुलगावच्या बाजारात, एका चादरीवर, कंगवे आणि कुलपांच्या मधोमध. साल चौऱ्याहत्तर. अण्णाजींनी मला उचललं, खटका तीनदा मागेपुढे केला, कानाशी नेऊन हलवलं आणि विचारलं, "टिकन का हे?"

"बारा महिने कुठं जात नाई," विकणारा म्हणाला.

बारा महिने कसले, मी पुष्कळ वर्षं टिकले. माझ्या बाबतीत कौतुकाची गोष्ट ती एवढीच.

अण्णाजी सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर. बावीस वर्षं एका मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली औषधं बांधली, जखमा धुतल्या. नोकरी संपल्यावरही लोकांनी सोडलं नाही. सकाळ झाली की त्यांच्या ओसरीवरच्या बाकड्यावर दोन-चार जण बसलेलेच. कुणाचा घसा, कुणाचा कान, कुणाच्या डोळ्यात कुसळ. सगळीकडे मीच. सरपंचाच्या घशात मी, मजुराच्या कानात मी. जमेल तेवढी दवा द्यायची, न जमेल ते पुलगावला नाहीतर वर्ध्याला पाठवायचं, असा त्यांचा शिरस्ता. माणूस प्रामाणिक होता. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही त्यांना उगाच शिव्या घालणार नाही.

आता घरातल्या दुसरीबद्दल. ती माझ्यापेक्षा लहान, बोटभर जाड, पितळेची, वरून चांदीसारखा मुलामा. तोंड फिरवलं की उजेड हवा तिथं गोळा व्हायचा, पांढरा शुभ्र. शेपटीच्या झाकणात एक जादा बल्बसुद्धा ठेवलेला. तिच्या एकटीच्या किमतीत माझ्यासारख्या आठ आल्या असत्या. मोठ्या डॉक्टरांनी गाव सोडताना स्वतःच्या खिशातून काढून ती अण्णाजींना दिली होती. घरात तिला सगळे "डॉक्टरसायबाची" म्हणत. मला कुणी नाव ठेवलं नाही, आणि मला त्याचा राग यायचा. खोटं कशाला बोलू?

पण डॉक्टरसायबाची राहायची कुठं, तर भिंतीतल्या कपाटात, मलमलीच्या फडक्यात. दसऱ्याला अण्णाजी तिला काढत, नवे सेल घालत, देवापुढं कात्री, चिमटा, इंजेक्शनच्या डबीशेजारी मांडत. हळदकुंकू, आपट्याचं पान. एकदा पेटवायची, लगेच विझवायची, सेल काढायचे, पुन्हा फडक्यात. ते दसऱ्याचे सेल मग माझ्या पोटात यायचे आणि वर्षभर पुरवले जायचे. मंद झाले की मनकर्णाबाई, अण्णाजींच्या मंडळी, त्यांना छपराच्या कवेलूंवर उन्हात ठेवायच्या. उन्हानं सेलांत जीव येतो, पण पाहुण्यासारखा, घटकाभर. मग माझा उजेड पिवळा पडायचा, आणि अण्णाजी मला तळहातावर आपटायचे.

वापरत का नाही, असं एकदा मनकर्णाबाईंनी विचारलं होतं. तेव्हा ते म्हणाले, "ते डॉक्टरच्या हातची वस्तू होय. कंपाउंडरच्या हातात शोभते काय?"

अठ्ठ्याहत्तरच्या मार्गशीर्षातली गोष्ट. चांगलं आठ वाजताचं ऊन होतं, पण घशात ऊन जात नाही. गल्लीतली तानाबाई आपल्या पंचफुलाला कडेवर घेऊन आली. पंचफुला सहा वर्षांची. एरवी या ओसरीवर येऊन माझा खटका वाजवत बसणारी. त्या दिवशी मान आईच्या खांद्यावर टाकलेली.

"अण्णाजी, कालपासून काई खाऊन नाई राह्यली. घसा दुखते म्हन्ते."

"आन इकडं. आ कर, बाई. आन्खी मोठा."

अण्णाजींनी चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबली आणि मला पेटवलं. माझ्या पोटातले सेल तिसऱ्यांदा उन्हात तापवलेले. मी जोर लावला हो, पत्र्याची शपथ, पण जे निघालं ते शिळ्या वरणाच्या रंगाचं. दारात उभ्या मनकर्णाबाई म्हणाल्या, "अवो, डॉक्टरसायबाची काढू काय? हिचा उजेड त मरून राह्यला."

"काऊन? साधा घसा हाय," अण्णाजी म्हणाले. मला आपटलं, पुन्हा वाकले. "लाल झाला हाय. मागं जरासं पांढुरकं दिसते. तानाबाई, हे दूध पेली काय?"

"हाव, आत्ताच बशीभर पाजलं. तेही अर्धं सांडलं."

"मंग दूधच होय ते."

मलाही ते दूधच वाटलं. माझ्या उजेडात सगळंच एका रंगाचं. अण्णाजींनी गोळ्या दिल्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. जाताना पंचफुलानं माझ्याकडं पाहिलं, पण खटक्याला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी पोरीची मान सुजली, आवाज बसला, श्वास शिटीसारखा वाजायला लागला. तिचा बाप चिंधू गिरणीतली पाळी टाकून आला आणि तिला उचलून पुलगाव स्टेशनकडं पळाला. पॅसेंजरनं वर्ध्याला नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आणली, चादरीत.

चिंधू ओसरीवर येऊन उभा राहिला. रडला नाही. नुसतं सांगितलं, "डॉक्टर म्हने घटसर्प होय. घशात पांढरा पापुद्रा धरते म्हने. दोन दिस आधी आनली असती त वाचली असती."

अण्णाजी अंत्यविधीला गेले, परत आले, आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाईंना म्हणाले, "बशीभर दूध घे. पे. आन आ कर."

त्या बिचाऱ्या घाबरून प्यायल्या आणि तोंड उघडून बसल्या. अण्णाजींनी आधी मला पेटवलं. पिवळं, धुरकट, काही कळेना. मग कपाट उघडलं, फडकं सोडलं, दुकानातून आणलेले कोरे सेल घालून डॉक्टरसायबाची पेटवली. मी बाकड्यावर पडल्या पडल्या पाहत होते. काय तो उजेड! घशाची एकेक शीर दिसत होती. लाल, ओला, स्वच्छ घसा. दुधाचा एक थेंब नव्हता. गिळलेलं दूध घशात राहतच नाही हो. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पंचफुला आली त्या सकाळी आठवलं नाही, एवढंच.

अण्णाजी खाली बसले. म्हातारा माणूस तोंडावर फडकं धरून रडला. डॉक्टरसायबाची पेटलेलीच राहिली होती, भिंतीवर उजेड पाडत.

गावात कुजबुज झाली. गप्प कुणी केली, तर तानाबाईनं. हातपंपावर, बाजारात, जिथं विषय निघेल तिथं ती सांगायची, "अण्णाजीले बोल लावू नोका. त्याईनं पाहलं होतं. त्याईच्या हातून काई कमी नाई झालं. माह्या पोरीचं तेवढंच होतं." हे अण्णाजींच्या कानावर आलं की ते जेवणावरून उठायचे.

पुढच्या वर्षी ती धाकट्याला घेऊन आली. दीड वर्षाचं लेकरू, नाक वाहत होतं. मी खुंटीला टांगलेली. अण्णाजींनी आता बाकड्यावरच राहणारी डॉक्टरसायबाची उचलली, लेकराच्या घशात उजेड टाकला, कितीतरी वेळ पाहिलं. "काई नाई. सर्दी होय."

तानाबाईनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि कौतुकानं म्हणाली, "दिवसावानी उजेड हाय! हे बॅटरी कवा घेतली, अण्णाजी?"

मागच्या महिन्यात, असं म्हटलं असतं तर भागलं असतं. मनकर्णाबाई आतून खुणा करत होत्या.

"घेतली नाई, तानाबाई. घरातच होती."

"कवापासून?"

"पंचफुलाच्या आधीपासून."

तिनं एकदा त्या बॅटरीकडं पाहिलं, एकदा खुंटीवर माझ्याकडं. "मंग त्या दिवशी काऊन नाई काढली?"

"वाटे, आपल्या हातात शोभत नाई."

तानाबाईनं लेकराला पदरात गुंडाळलं. आवाज चढवला नाही. "माह्या पोरीले शोभली असती, अण्णाजी," म्हणाली, आणि ओसरी उतरून गेली. पुन्हा कधी आली नाही. गावात मात्र कुणापाशी ती हे बोलली नाही.

अण्णाजी पंच्याऐंशी सालात वारले. शेवटपर्यंत लोकांचे घसे पाहत राहिले, त्या पितळी बॅटरीनंच. तिचा मुलामा उडाला, काच तडकली. मला आता मनकर्णाबाई कणगीत ज्वारी किती उरली ते पाहायला घेतात. तेवढ्याला माझा उजेड पुरतो. स्वस्त म्हणून मला हिणवू नका, मी माझं काम करते. पण लेकरू आ करून बसलं असेल, तर मला खुंटीवरच राहू द्या. घरात जो सगळ्यात चांगला उजेड असेल तो काढा, कुणाचा का असेना, कुणी का दिलेला असेना. पंचफुलाचा घसा मी पाहिला होता. मला तो दिसला नाही.