पुसला गेलेला देखावा

बसा हो, बसा जरा. चहा येईस्तोवर एक गोष्ट सांगतो. आमच्या सदाशिव पेठेतल्या मंडळाचा देखावा भर दुपारी कसा पुसला गेला आणि परत कसा आला, त्याची. खोटं वाटलं तर मधेच उठून जा, मी धरून ठेवणार नाही.

तर पोपट रिक्षावाला. मिसरूड फुटल्यापासून मंडळात राबलेला गडी. मांडवाचे बांबू बांधले, पडदे ओढले, जिवंत देखाव्यात भाला धरून उभा राहिला. बोलायचं वाक्य काही त्याच्या वाट्याला कधी आलं नाही. पण डोक्यात एक आख्खं नाटक. गणपती पुण्यात येतो, लक्ष्मी रोडला अडकतो आणि त्याचा उंदीर नो-एंट्रीत शिरायला तयारच होत नाही. हवालदार म्हणतो, "अरे जा, देवाला चालतं." उंदीर म्हणतो, "देवाला चालत असेल साहेब, पावती माझ्या नावानं फाटते."

लिहायला बसलं की पोपटचा हात अडायचा. मग त्याची भाची निकिता, खराडीला कंपनीत आहे ती, दर रविवारी यायची. मामा बोलायचा, ती मंडळाच्या लॅपटॉपवर टाइप करायची. सगळं झाल्यावर म्हणाली, "मामा, एक कॉपी माझ्या मेलवर टाकून ठेवते."

"अजिबात नाही. मेलवर गेलं की फुटलं. पलीकडच्या मंडळानं मागं आपला विषय उचललाच होता. एकच राहू दे, इथंच."

राहिली एकच.

गुरुवारी संध्याकाळी कमिटीपुढं वाचन ठरलं. अध्यक्ष रंगराव म्हणजे सरळ बोलणं ठाऊकच नाही. म्हणाले, "पोपटराव, वाचायला कागद आणा, नुसतं तोंड नको. नाहीतर गेल्या वर्षीचंच रेकॉर्डिंग लावू. ते निदान पाठ आहे."

त्याच दिवशी दुपारी पोपट रिक्षा बाहेर लावून प्रिंट काढायला आला. मंडळाच्या खोलीत चिटणीस विक्रम बसलेला, प्रिंटरमधून गरम कागद काढत.

"काय छापलंस?"

"स्पीकरच्या परवानगीचा अर्ज. एक काम संपलं बघा."

पोपटनं स्क्रीनकडं पाहिलं. फाईलचं नाव 'पोपट देखावा'. वर मंडळाच्या गणपतीचं चित्र. आणि खाली 'माननीय पोलीस निरीक्षक साहेब यांस'.

"विक्रम, माझा उंदीर कुठंय?"

"कसला उंदीर?"

आता यात विक्रमचा तरी काय दोष? मंडळाची रीतच तशी. नवं पत्र कुणी पहिल्यापासून करतच नाही. गणपती आणि नाव-पत्ता असलेली हाताला लागेल ती फाईल उघडायची, खालचं सगळं खोडायचं, नवं लिहायचं, सेव्ह मारायचं. वर्गणीच्या पत्रावर आभाराचं, आभारावर महाप्रसादाचं, असं चाललेलं. निकितानं मामाच्या नाटकाला शोभा यावी म्हणून वर तोच गणपती लावलेला. झालं.

विक्रमनं घाईघाईनं माउस धरला. "थांबा, बंद करून परत उघडतो. आत असेल कुठंतरी."

"थांब! आधी पोरीला विचारू."

पोपटनं फोन लावला. निकिता मीटिंगमध्ये. कुजबुजली, "मामा, नंतर करते."

"उंदीर गेला गं. विक्रमनं वर पोलिसांचा अर्ज लिहिला, सेव्ह केला. आता बंद करतोय."

"नाही!" अशी ओरडली की तिकडं तिचा साहेबसुद्धा गप्प झाला असणार. "स्पीकरवर टाका. विक्रमदादा, हात वर!"

विक्रमनं खरंच दोन्ही हात वर केले.

"फाईल उघडी आहे तोवर त्याला मागचं आठवतं. बंद केली की विसरला. कंट्रोल दाबून झेड मारा. सावकाश मारत राहा."

तेवढ्यात रंगराव आत आले, काखेत साउंडचा मिक्सर. तो लावायला सरळ भिंतीतल्या प्लगकडं निघाले. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, प्लग उपटला की जागीच डोळे मिटणार. पोपट प्लगपुढं आडवा झाला.

"काय हो, प्लगची आरती करताय?"

"अध्यक्ष, पाया पडतो, याला हात लावू नका."

त्याचा चेहरा बघून रंगरावांनी मिक्सर गुपचूप खुर्चीवर ठेवला.

विक्रम झेड मारत होता आणि अर्ज शेपटाकडून गिळला जात होता. 'आपला विश्वासू' गेलं. वेळ गेली, तारीख गेली. शेवटी निरीक्षक साहेब गेले. पान कोरं.

"संपलं," विक्रम म्हणाला.

पोपटनं डोळे मिटले. उंदराचं पहिलं वाक्य आठवून बघितलं. येईना. तोंडानं शंभरदा सांगितलेलं, पण दर वेळी वेगळं. नीट बसलेलं होतं ते त्या फाईलीतच.

"ते कोरं तुम्हीच केलं होतं ना?" फोनमधून निकिता. "मग ते पण मागं घ्या. अजून एकदा."

विक्रमनं बोट टेकवलं. आणि पानभर अक्षरं! 'प्रवेश पहिला. लक्ष्मी रोड. उंदीर धापा टाकत येतो.'

पोपट नुसता खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"आता सेव्ह अ‍ॅज, नवं नाव," निकिता म्हणाली. "आणि नुसत्या गणपतीची कोरी फाईल वेगळी करा, फक्त वाचण्यापुरती करून ठेवते मी. त्यावर कुणाला सेव्हच मारता येणार नाही."

"आणि माझा अर्ज?" विक्रम.

"छापलाय ना? मग सही करा आणि जा."

पोपट फोनकडं वाकला. "निके, तुझ्या मेलवर पाठवतो गं. आणखी कुठं कुठं ठेवायचं ते सांग."

संध्याकाळी वाचन झालं. पावतीच्या वाक्याला रंगराव एवढे हसले की पाणी आणावं लागलं. डोळे पुसत म्हणाले, "ठरलं. पण उंदीर तुम्हीच करायचा. दुसरा कोण एवढा नियम पाळतो?"

आता रोज तालीम चालते. पोपट रोज काहीतरी सुधारतो आणि रोज नव्या नावानं ठेवतो. निकिता म्हणाली, सगळ्या कॉप्या एका छपराखाली नकोत, एक तरी लांब असू दे. म्हणून त्यानं हा पेनड्राइव्ह माझ्याकडं दिलाय. पण मी राहतो मंडळाच्या वरच्याच मजल्यावर. तुमचं घर पार खडकवासल्याला. तेवढा घेऊन जा, आणि कोरड्या जागी ठेवा. एवढं कराल ना?