गादीकडं पाठ

मसाजीचं म्हणणं असं, की कुस्तीच्या पंचाला तोंड नसलं तरी भागतं, पाय मात्र लागतात. निकाल नुसता हात वर करूनही देता येतो. पण खांदा मातीला टेकला का नाही हे बघायला खांद्याच्या बाजूला जावं लागतं, आणि ते काम पायांचं. जवळा बाजारच्या आसपासच्या जत्रांत पंच म्हणून त्याला बोलावणं यायचं. फडात तो एका जागी कधी थांबला नाही. बिथरलेल्या मेंढीभोवती फिरावं तसा जोडीभोवती फिरायचा, मध्येच उकिडवा बसायचा, मध्येच गाल मातीला लावून बघायचा. त्यानं हात वर केला की हरलेल्या पैलवानाचा बापसुद्धा गप घरी जायचा.

एका गावात मात्र त्याचे पाय बांधलेले असत. ते गाव माणिकराव देशमुखांचं.

देशमुखांच्या गादीला पाठ दाखवायची नाही, असा तिथला रिवाज. भेटायला आलेला माणूस निघताना उलट्या पावलांनी दारापर्यंत जायचा. उकंडराव कारभारी तर या विद्येत एवढा तयार झाला होता, की सरळ चालताना ठेचकाळायचा. जत्रेच्या फडात देशमुखांची गादी पश्चिमेला असे, उन्हाकडं पाठ करून. म्हणजे पंचानं पूर्वेला उभं राहायचं, गादीकडं तोंड करून, डोळ्यांत ऊन घेऊन. डावीउजवीकडं अर्धं कडं फिरायची मुभा होती. गादीच्या बाजूला जायचं नाही. जोडीच्या पलीकडच्या अंगाला काय चाललंय ते फक्त देशमुखांना आणि त्यांच्या पायाशी बसलेल्या उकंडरावाला दिसे.

देशमुखांचा पैलवान शंकरसिंग हिंगोलीच्या छावणीतला. अंगानं रेडा, डोक्यानं वकील. समोरच्याला तो असा पाडायचा, की त्याचा एक खांदा पंचाकडं आणि दुसरा गादीकडं. मग आपली धिप्पाड काया मध्ये घालायची. पंच मान उंच करतोय तोवर पलीकडून उकंडराव ओरडे, "लागली! पाठ लागली!" हलगी कडाडे, फेटे उडत, आणि एवढ्या गलक्यात पंचाचा हात आपोआप वर जाई.

मागच्या साली संतरामच्या कुस्तीत हेच झालं होतं. संतराम मसाजीच्याच, पूर्णेकाठच्या गावचा, चतुराबाईचा एकुलता एक. मसाजीनं हात वर केला, पोरगं उठून त्याच्यासमोरून गेलं, तेव्हा मसाजीनं त्याची पाठ बघितली. डाव्या खांद्यावर लालमाती होती. उजवा खांदा घामानं चकाकत होता, त्यावर मातीचा कण नव्हता.

मसाजीला तिथंच कळलं. आणि तो तिथंच गप बसला. वर्षभर त्याला राग आला तो याचा. देशमुखाचा येई, उकंडरावाचा येई, पण ते राग बाजारातल्यासारखे, आले नि गेले. हा घरातला होता.

संतरामला लोक बाजारात "पाठ्या" म्हणायला लागले. "पाठ्या, बस की रे, पाठ टेकून बस!" त्यानं तालीम सोडली नाही, पण बाजार सोडला.

यंदाच्या जत्रेचं बोलावणं घेऊन उकंडराव स्वतः आला. मसाजी पंच आहे म्हटल्यावर लांबचे पैलवान येतात, एवढा हिशेब त्याला कळत होता.

"यंदा मी चहूकडून फिरणार," मसाजी म्हणाला.

"फिरा की. कुणी न्हाई म्हनलं? आमी जागा आखून देतो," उकंडराव हसून म्हणाला आणि उठताना सवयीनं दोन पावलं उलटा चालला.

जत्रेच्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोनं, पंचफुलाबाईनं, भाकर पुढ्यात आदळली.

"जाऊन राहिले व्हय तुमी? कशाला? ते वरडनार, तुमी हात वर करनार. त्यापरीस एक बुजगावनं न्यावं म्हनते मी. त्याचे हात आधीच वर असतेत."

"गप बस."

"मी गप बसते व. गप बसायची आदत तुमाला लागली, तिचं काय? चतुराबाई पान्यावर भेटती तर मला तोंड चुकवावं लागते. मी काय केलं तिचं?"

मसाजीनं भाकर तशीच ठेवली आणि घोंगडं खांद्यावर टाकलं. बायको खोटं बोलली असती तर त्यानं चार शब्द ऐकवले असते.

फडात पोचल्यावर त्याला आखलेली जागा दिसली. लालमातीत चुन्याची पांढरी रेघ, घोड्याच्या नालासारखी वळवलेली, पूर्वेच्या अंगाला. शेजारी उकंडराव काठी टेकून उभा.

"ही तुमची जागा, पंच. रेघेच्या पल्याड पाऊल न्हाई. समजलं का? आता गडबड व्हायचं कामच न्हाई."

"काहून? मी काय बकरू हाय, दाव्याला बांधाया?"

"मालकाचा हुकूम हाय."

"मालकाला इचारा, खांदे कोन्या बाजूला असतेत मानसाला."

"दोनी बाजूला असतेत," उकंडराव गोड हसला. "तुमी एक बघा, आमी एक बघतो. बराबर वाटनी."

मसाजीनं रेघ पुसायला पाय उचलला. पण गादीवर माणिकराव येऊन बसले होते, गाव उभं राहिलं होतं, आणि तोही रेघेच्या आत उभा राहिला.

पहिल्या चार जोड्या बाहेरगावच्या, त्यांत देशमुखांना रस नव्हता. मग शंकरसिंग उतरला आणि त्याच्यासमोर संतराम. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "पाठ्या आला रे!" आणि फडामागच्या टेकडीवर बसलेली सगळी माणसं हसली. संतरामनं माती उचलून कपाळाला लावली. मसाजीकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. नमस्कार केला तो मातीला, पंचाला नाही.

दोन्ही पैलवान बराच वेळ घुमत राहिले. संतरामनं दोनदा पट काढला, दोन्ही वेळा शंकरसिंग निसटला. ऊन मसाजीच्या डोळ्यांत सरळ शिरत होतं. मग शंकरसिंगनं ढाकेचा डाव टाकला. संतराम आडवा गेला, पडता पडता मान टेकवून त्यानं पाठीची कमान केली, आणि शंकरसिंग बरोबर मध्ये आला. डावा खांदा मसाजीकडं, टेकलेला. उजवा गादीकडं.

"लागली!" गादीपाशी जाऊन बसलेला उकंडराव ओरडला. "पाठ लागली!"

हलगी कडाडली. मसाजीचा हात उठायला लागला होता. तो त्यानं खाली ओढला, एखाद्याचं मनगट धरून ओढावं तसा. आणि रेघ ओलांडून तो धावला. जोडीला वळसा घालून पलीकडं गेला, गादीच्या आणि मातीच्या मधोमध, माणिकराव देशमुखांच्या नाकापासून तीन हातांवर त्यानं पाठ केली आणि गाल मातीला लावून आडवा झाला.

हलगी बंद पडली.

"मसाजी!" देशमुखांचा आवाज आला. "गादी इकडं आहे."

"खांदा हिकडं हाय, मालक."

"ऊठ आधी!"

"कुस्ती चालू हाय. पंचाशी बोलू नये कुनी."

मसाजीच्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर संतरामचा उजवा खांदा होता. तो थरथरत होता, मातीच्या वर, बोटभर. उकंडराव खोटं बोलला होता. टिक रे लेकरा, त्याला म्हणावंसं वाटलं. त्यानं गाल मातीत आणखी दाबला. शंकरसिंगनं अंग रेटलं. बोटभर अंतराचं अर्धं बोट झालं. मग नखाएवढं. मग खांदा मातीला लागला, पुरता.

मसाजी तसाच पडून राहिला. एक श्वास, दुसरा श्वास. खांदा लागलेलाच होता.

तो उठला. सगळी टेकडी त्याच्याकडं बघत होती, आणि काय बघायचं आहे हे तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

"शंकरसिंग," तो म्हणाला. "चीत केलं."

आधी कुणाला समजलंच नाही. मग बाहेरगावच्या लोकांतून शिव्यांचा लोंढा आला. "विकला गेला!" "नाटक करून राहिला म्हातारा!" संतराम उठून त्याच्या अंगावर आला, गळ्याच्या शिरा ताणून.

"दोन साल! दोनी साल तुमीच बुडवलं मला!"

"एक साल मी बुडवलं," मसाजी म्हणाला. "यंदा शंकरसिंगनं पाडलं. दोन्ही येगळं हाय."

माणिकराव देशमुखांचा चेहरा मात्र निवळला होता. त्यांनी उकंडरावाला खूण केली. "जाऊ दे. रिवाज मोडला, पण न्याय बरोबर केला. गुस्ताखी माफ. पंचाला फेटा बांधा."

उकंडराव केशरी फेटा घेऊन पुढं आला. मसाजीनं तो हातानं बाजूला सारला.

"दम धरा. अजून एक निकाल ऱ्हायला. मागल्या सालचा. संतराम पडला न्हवता. मला दिसलं न्हवतं, आन हात मी वर केला. मागून त्याचा कोरा खांदा बघितला, तरी तोंड शिवून बसलो. ह्या मानसानं," त्यानं उकंडरावाकडं बोट केलं, "आजबी खांदा अधांतरी असताना बोंब मारली. मी पल्याड नसतो तर तीच बोंब निकाल झाली असती. शंकरसिंग, तू बोल. मागल्या साली लागली होती पाठ?"

शंकरसिंगनं गादीकडं बघितलं, मग मातीकडं. "आज लगी," तो म्हणाला. "आज की बात करो, पंचजी." आणि अंग पुसायला निघून गेला.

एवढं पुरेसं होतं. टेकडीवर हसणं बंद झालं. संतराम तिथंच उभा होता. हरलेला, संतापलेला, आणि आता राग कुणावर धरावा हे न समजून गोंधळलेला.

"हे गेल्या सालीच काहून न्हाई बोलले?" तो म्हणाला.

"भेलो होतो."

"माझी माय वरीसभर रडली."

"ठावं हाय."

माफी त्यानं मागितली नाही आणि संतरामनं दिली नाही.

माणिकराव उठले. गाव रिवाजानं उभं राहिलं, उकंडराव फेट्यासकट मागं मागं सरकू लागला. "पुढल्या सालपासून या माणसाचं तोंड या गावात दिसता कामा नये," देशमुख म्हणाले.

"पुढल्या सालचं पुढल्या साली," मसाजी म्हणाला. "आज दोन जोडी बाकी हायेत."

पुढची जोडी मातीत उतरलीच होती, औंढ्याचा एक आणि वसमतकडचा एक. दोघं घाबरून कधी देशमुखांकडं, कधी पंचाकडं बघत होते.

"तिकडं काय बघता?" मसाजी त्यांच्यावर खेकसला. "हात मिळवा."

त्यांनी हात मिळवले, आणि मसाजी उकिडवा होऊन त्यांच्याभोवती फिरायला लागला.